राजवाड्याच्या पाठीमागे : कर्जत-खालापूरची दोन दिवसांची सहल

कर्जत म्हटले की मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला पहिल्यांदा आठवतो तो स्टेशनवरचा वडा. घाट चढण्यासाठी गाडीला मागून जादा इंजिने जोडतात. तेवढी मिनिटे गाडी थांबते आणि तेवढ्यात वडेवाल्यांच्या पाट्या रिकाम्या होतात. मग गाडी घाटाला लागते आणि कर्जत मागे राहते. इथे उतरून दोन दिवस काढावेत असे सहसा कोणाच्या मनात येत नाही.

आमच्या विहाराच्या महिला मंडळाने आणि मुलांनी २०१९ च्या जानेवारीत हे दोन दिवस काढले. एक दिवस चित्रपटाचा स्टुडिओ पाहण्यासाठी, दुसरा कोंडाण्याची लेणी पाहण्यासाठी. स्टुडिओचा हट्ट मुलांचा, लेण्यांचा आग्रह मोठ्यांचा. दोघांचेही मन राखायचे म्हणून केलेली ही जोडी निघाली मात्र एकमेकांना पूरक. मुलाबाळांना घेऊन सहलीला निघणाऱ्या कुटुंबांना उपयोग व्हावा म्हणून ती हकिकत इथे देत आहे.

आतला रायगड

रायगड जिल्हा म्हटला की लोकांना अलिबागचा समुद्र आठवतो. १९८१ पूर्वी या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते. ज्या महाडला बाबासाहेबांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याच्या पाण्याला हात लावला, ते महाड याच जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला आहे. कर्जत आणि खालापूर हे मात्र आतले तालुके. इथे समुद्र नाही. एका अंगाला सह्याद्रीची भिंत, दुसऱ्या अंगाला माथेरानचा डोंगर आणि मधल्या खोऱ्यात भातखाचरे. पावसाळ्यात सगळे हिरवेगार, उन्हाळ्यात सगळे करपलेले. डोंगरउतारावर ठाकर आणि कातकरी आदिवासींच्या वाड्या आहेत. सपाटीवर मुंबईकरांची फार्महाऊस झाली आहेत. खोपोलीकडे कारखाने आहेत.

आम्ही कल्याणहून लोकलने कर्जतला उतरलो आणि ठरवून ठेवलेल्या गाडीने चौकच्या रस्त्याला लागलो. स्टुडिओ 'कर्जतचा' म्हणून प्रसिद्ध असला तरी तो आहे खालापूर तालुक्यात, चौकजवळ. पनवेल-कर्जत लोहमार्गावर चौक नावाचे छोटे स्टेशनही आहे. वाटेत इर्शाळगडाचा सुळका सतत सोबत करतो. त्याच्या माथ्याजवळचे नेढे, म्हणजे खडकातले आरपार भोक, पाहण्यासाठी मुले खिडकीशी भांडत होती.

स्टुडिओ कोणाचा

हा एन. डी. स्टुडिओ कलादिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ साली उभारला. देसाई मूळचे दापोलीचे. मुंबईच्या कलाशाळेत शिकून ते चित्रपट-मालिकांच्या कला विभागात साहाय्यक म्हणून आले, आणि '१९४२ : अ लव्ह स्टोरी' या १९९४ च्या चित्रपटापासून त्यांचे नाव झाले. पुढे सुमारे ५२ एकरांवर त्यांनी स्वतःचा स्टुडिओ थाटला. 'जोधा अकबर' (२००८) या चित्रपटातला मोगलांचा राजवाडा इथे उभा राहिला. 'राजा शिवछत्रपती' या मालिकेतले किल्ले इथे बांधले गेले. 'प्रेम रतन धन पायो' (२०१५) मधला काचांचा महालही इथलाच. चित्रीकरण संपले तरी बरेच सेट मोडले नाहीत. पुढे तेच सामान्य माणसाला तिकीट काढून, मार्गदर्शकासह हिंडून पाहता येऊ लागले.

समोरून आणि मागून

आमच्या तुकडीला मिळालेला मार्गदर्शक जवळच्याच गावचा तरुण होता. गर्दीच्या दृश्यांत तो स्वतः दोन-चार वेळा उभा राहिला होता. "मी सैनिक होतो, पण भाला माझ्या तोंडापुढे आला," असे त्याने सांगताच मुले त्याची झाली.

राजवाड्यासमोर आलो तेव्हा सगळे क्षणभर गप्प झाले. लाल दगडाचे वाटावेत असे उंच खांब, कमानी, जाळ्या, नक्षी. मुलांनी लगेच सिंहासनाची जागा शोधली. बायकांनी ओळीने फोटो काढून घेतले. मग मार्गदर्शकाने एका खांबावर बोटाच्या पेराने टकटक केली. आवाज आला पोकळ, रिकाम्या खोक्यावर मारावी तसा.

"आता मागे चला," तो म्हणाला.

मागे राजवाडा नव्हता. बांबू होते, लाकडी टेकू होते, सुंभाने बांधलेल्या गाठी होत्या, प्लायवूडच्या उघड्या पाठी होत्या. समोर दिसणारी दगडी भिंत मागून पाहिली की काथ्या मिसळलेल्या प्लास्टरचा पातळ पापुद्रा. मुलांना वाटले आपल्याला फसवले. मोठ्यांना मात्र मागची बाजूच जास्त आवडली, कारण तिथे काम दिसत होते.

ही भिंत कशी उभी राहते ते त्याने नीट सांगितले. आधी कलादिग्दर्शक चित्र काढतो. त्यावरून मापांचे नकाशे होतात, कधी छोटी प्रतिकृती करून पाहतात. मग सुतार सांगाडा उभा करतात. नक्षीचा एक नमुना मातीत घडवतात, त्यावरून साचा काढतात आणि त्या एका साच्यातून प्लास्टरच्या शेकडो नकला पाडतात. शंभर खांबांवरची शंभर फुले दिसतात, ती एकाच फुलाची लेकरे असतात. शेवटी रंगारी येतो. कोऱ्या प्लास्टरला दगडाचा रंग देणे सोपे, त्या दगडाला चारशे वर्षांचा करणे कठीण. कोपऱ्यात काळपटपणा, जिथे हात लागतो तिथे गुळगुळीतपणा, जिथे पाणी झिरपते तिथे शेवाळी छटा, हे सगळे ब्रशाने आणायचे. बहुतेक खोल्यांना छप्पर नसते, कारण वरून दिवे सोडायचे असतात. जेवढे कॅमेऱ्यात येणार तेवढेच बांधायचे. त्यापलीकडची उंची आजकाल संगणकावर जोडतात.

आमच्यात सुतारकाम करणारे एक भाऊ होते. ते बराच वेळ एका जोडाकडे वाकून पाहत राहिले. म्हणाले, "हा खिळा अर्धाच ठोकलाय बघा. उद्या उपटायला सोपा जावा म्हणून. पक्कं बांधणं एक कसब, आणि सोडता येईल असं बांधणं दुसरं."

मंडळातल्या एका आजींनी उभी हयात मुंबईत नाक्यावर उभे राहून बिगारी काम केलेले. त्यांनी एक पडलेला 'दगड' एका हाताने उचलला आणि हसल्या. "गं बाई, ह्यात वजनच नाही. आमच्या पाटीतला असा असता तर मानेचं हे दुखणं लागलं नसतं."

फेरीच्या शेवटी एका मुलीने विचारले, "दादा, हे सगळं बांधलं कोणी?" मार्गदर्शकाने कलादिग्दर्शकाचे नाव सांगितले. मुलगी म्हणाली, "ते माहीत आहे. हातांनी कोणी बांधलं?" त्याला कोणत्या नटाने कोणत्या पायरीवर उभे राहून संवाद म्हटला ते पाठ होते. सुतारांची, साचे काढणाऱ्यांची, रंगाऱ्यांची नावे त्याला ठाऊक नव्हती. त्यात त्याचा दोष नाही. ती कोणी त्याला सांगितलीच नव्हती.

बाबासाहेबांचे जग उभे करताना

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. नितीन देसाई यांना कलादिग्दर्शनाचे चार राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. 'हम दिल दे चुके सनम', 'लगान' आणि 'देवदास' ही तीन नावे सगळ्यांना ठाऊक असतात. पण या चौघांत पहिला पुरस्कार आहे तो जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' या चित्रपटासाठी. १९९८ सालच्या चित्रपटांच्या राष्ट्रीय पुरस्कारांत या चित्रपटाला इंग्रजी भाषेतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला, बाबासाहेबांची भूमिका करणाऱ्या मामुट्टी यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा आणि देसाईंना कलादिग्दर्शनाचा. कर्जतचा स्टुडिओ तेव्हा नव्हता. पण ज्या हाताने पुढे इथले राजवाडे रेखाटले, त्या हाताला देशाचा पहिला मान बाबासाहेबांचे जग उभे केल्याबद्दल मिळाला होता.

हे काम राजवाड्यापेक्षा सोपे नव्हते, उलट अवघड होते. अकबराचा दरबार कोणी पाहिलेला नाही, त्यामुळे चार कमानी जास्त झाल्या तरी तक्रार करणारा नाही. बाबासाहेबांचे तसे नाही. त्यांचा चष्मा, त्यांचा कोट, त्यांची पुस्तकांची कपाटे आपल्या घराघरांतल्या तसबिरींत आहेत. परळच्या बी.आय.टी. चाळीत त्यांनी संसार आणि अभ्यास एकाच वेळी कसा केला, हे आपल्या आजी-आजोबांनी सांगितलेले आहे. प्रेक्षकच परीक्षक असतो. त्यातही दारिद्र्य खरे दाखवणे वैभव खरे दाखवण्याहून कठीण. सोनेरी रंग लावला की महाल होतो. चाळीतली खोली खरी वाटण्यासाठी दोरीवरचे कपडे, भिंतीवरचा धूर, कोपऱ्यातला डबा, हे सगळे जिथे असायला हवे तिथेच असावे लागते.

आमच्या विहारात हा चित्रपट मुलांना दोन-तीनदा दाखवला आहे. तेव्हा त्यांनी माणसे पाहिली होती. स्टुडिओ पाहून आल्यावर तीच मुले खोल्या पाहू लागली. भिंतही बोलत असते हे त्यांना कळले. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'मध्ये शेवटी डुक्कर खांद्यावर टांगून नेतात, तेव्हा मागच्या शाळेच्या भिंतीवर बाबासाहेब आणि महात्मा फुले यांची चित्रे दिसतात. त्या भिंतीपुढे एकही वाक्य बोलावे लागत नाही. आणि 'लगान'मधला कचरा आठवा. भूजजवळ उभारलेल्या त्या गावात त्याची जागा गावाच्या कडेला आहे. सेटच्या नकाशातही गावकुसाबाहेरची जागा आखावी लागते.

त्यानंतर काय घडले

आम्ही पाहिले त्यातले बरेच आज तसे नाही. २०२१ च्या मे महिन्यात स्टुडिओत आग लागली आणि 'जोधा अकबर'चा सेट जळाला. लाकूड, प्लास्टर आणि कापड यांना वेळ लागत नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात इर्शाळगडाच्या उतारावरच्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडी ठाकर आदिवासींची. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत आणि शोध थांबवावा लागला. ज्या सुळक्याचे नेढे पाहायला आमची मुले खिडकीशी भांडली होती, त्याच्याच अंगाखांद्यावर ही वाडी होती. रस्त्यावरून जाताना आम्हाला ती दिसलीही नव्हती.

त्यानंतर दोनच आठवड्यांनी, २ ऑगस्ट २०२३ रोजी, नितीन देसाई यांनी याच स्टुडिओत स्वतःचे आयुष्य संपवले. स्टुडिओवरच्या कर्जाचा प्रश्न तेव्हा न्यायाधिकरणापुढे होता. ज्यांनी दुसऱ्यांसाठी इतके महाल उभे केले त्यांच्यावर ही वेळ यावी, याचे वाईट वाटते. पुढे गोरेगावची चित्रनगरी चालवणाऱ्या शासनाच्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाने २०२५ मध्ये हा स्टुडिओ आपल्याकडे घेतला. म्हणून जाणाऱ्यांनी फेरी चालू आहे का, कोणते सेट पाहायला मिळतात, याची आधी चौकशी करूनच निघावे.

कोंडाण्याचा बलक

दुसऱ्या दिवशी आम्ही कर्जतहून कोंदिवड्याला गेलो आणि तिथून पायी कोंडाणे लेण्यांकडे निघालो. राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात, दाट झाडीत ही बौद्ध लेणी आहेत. एक चैत्य आणि भिक्खूंच्या निवासाचे विहार. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचे हे काम मानतात. पावसाळ्यात लेण्यांच्या कपाळावरून धबधबा पडतो. चैत्याचे खांब बरेच झिजले, मोडले आहेत. तरी कमान पाहिली की मान वर जाते ती खाली येत नाही.

आदल्या दिवशीच्या सुतार भाऊंनी इथे सगळ्यांना थांबवले. "अरे, हे तर लाकूडकाम आहे!" ते म्हणाले. खरेच होते. कमानीखालच्या तुळया, वाशांची टोके, कठड्यांच्या पट्ट्या, सगळे घाट लाकडी इमारतीचे, पण कोरलेले दगडात. त्या काळी चैत्य आणि विहार लाकडाचे बांधत. पुढे डोंगरात कोरण्याची वेळ आली, तेव्हा कारागिरांनी हाताला सवय असलेला तोच घाट खडकात उतरवला. स्टुडिओत लाकूड दगडाचे सोंग घेते, इथे दगडाने लाकडाचे रूप घेतले आहे. तिथले काम चित्रीकरण संपेपर्यंत टिकावे म्हणून केलेले, इथले भिक्खूसंघासाठी, पिढ्यान्‌पिढ्यांसाठी केलेले.

चैत्याच्या दर्शनी भागाजवळ एका मोडलेल्या मूर्तीचे मस्तक आहे. तिच्याजवळ ब्राह्मी लिपीत एक छोटी ओळ कोरली आहे. तिचा अर्थ असा की कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. त्या ओळीत राजाचा उल्लेख नाही, कोणा दात्याचाही नाही. आहे ते घडवणाऱ्याचे नाव, आणि त्याच्या नावाआधी त्याला शिकवणाऱ्याचे.

आमच्या मुलांनी ती अक्षरे बोटाने हवेत गिरवली. दगडाला हात लावू नका, असे त्यांना आधीच बजावले होते. "म्हणजे याला विचारावं लागत नाही, कोणी बांधलं ते," असे कालच्याच मुलीने म्हटले, आणि मग पुढे झऱ्याकडे पळाली.

सहलीतून घरी काय आणावे

वाचकहो, सिनेमा पाहू नये असे सांगणारी आपली चळवळ नाही. जलशांनी आणि शाहिरांनी बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेला, तसे आज पडदा नेऊ शकतो. पण पडद्यापुढे फक्त बसून राहणे पुरेसे नाही. स्टुडिओची फेरी मुलांना घडवावी ती याचसाठी, की झगमगाटाच्या मागे जाऊन त्यांनी सांगाडा पाहावा. ज्याने एकदा मागची बाजू पाहिली, तो पुढच्या बाजूला सहज भुलत नाही. हे राजवाड्यांनाच नव्हे, भाषणांना आणि निवडणुकीच्या फलकांनाही लागू आहे.

दुसरे असे की, हे काम हातांचे आहे आणि हातांचे काम आपल्या समाजाला परके नाही. मराठी चित्रपटाच्या आरंभीच्या काळात रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभे सेट आणणारे कोल्हापूरचे बाबूराव पेंटर मूळचे बाबूराव मेस्त्री, कारागिरांच्या घरातले. आपल्या वस्तीत चित्र काढणारी, जयंतीला कमानी उभारणारी, थर्माकोलचा स्तूप बनवणारी मुले आहेत. त्यांच्या कलेला आपण दोन दिवस वाहवा देतो आणि तिसऱ्या दिवशी "अभ्यासाला बस" म्हणतो. अभ्यास हवाच, पण या कलेचाही अभ्यास असतो. मुंबईला जे.जे. कलाशाळा आहे. पुण्याला जुन्या प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून चित्रपट संस्था आहे. तिथे कलादिग्दर्शन हा शिकण्याचा स्वतंत्र विषय आहे. प्रवेश परीक्षा, शिष्यवृत्ती, राखीव जागा यांची माहिती पालकांनी वेळेवर काढावी. बांबू बांधणारा हात आपला असेल, तर कागदावर नकाशा काढणारा हातही आपला असू शकतो.

जाणाऱ्यांसाठी चार सूचना. स्टुडिओत चालणे पुष्कळ, सावली कमी. टोपी आणि पाण्याची बाटली जवळ ठेवावी. कोंडाण्याला पायात घट्ट बूट हवेत. पावसाळ्यात वाट निसरडी होते आणि ओढ्याला अचानक पाणी येते, तेव्हा लहान मुलांना नेऊ नये. हिवाळा सर्वांत चांगला. लेण्यात नावे कोरू नयेत, मेणबत्त्यांचा धूर करू नये, कचरा परत आणावा. कोंदिवड्यातल्याच कोणाला वाट दाखवायला सोबत घ्यावे आणि त्याचे पैसे घासाघीस न करता द्यावेत.

आणि एक सूचना घरी बसल्या पाळता येण्यासारखी. चित्रपट संपला की शेवटी भराभर वर सरकणारी नावे येतात. त्या वेळी आपण चपला शोधत असतो किंवा दुसरा चॅनेल लावतो. त्या यादीत सुतार असतात, रंगारी असतात, कपडे शिवणारे आणि दिवे उचलणारे असतात. ज्यांची नावे त्या यादीतही नसतात असे मजूर तर कितीतरी. मुलांना तेवढी दोन मिनिटे बसवावे, आणि नावे मोठ्याने वाचायला सांगावीत.